आमोण्याच्या हवेत बंदुकीची दारू

रायफलीच्या दारूविषयी जगात जे काही लिहिले जाते, त्यातले बहुतेक थंड देशांतल्या शिकाऱ्याला डोळ्यांसमोर ठेवून लिहिलेले असते. कॅनडातला किंवा फिनलंडमधला माणूस जुलै-ऑगस्टच्या उन्हात घरी काडतुसे भरतो, मैदानावर त्यांची चाचणी घेतो आणि तीच काडतुसे घेऊन नोव्हेंबरात उणे वीस अंशांत हरणाच्या मागावर निघतो. चाळीस-पन्नास अंशांच्या या फरकात गोळीचा वेग बदलू न देणारी दारू कोणती, हा त्याचा प्रश्न असतो. त्यावर तिकडे पुष्कळ अभ्यास झाला आहे आणि त्या अभ्यासातून दारूचे नवे प्रकारही निघाले आहेत.

डिचोली तालुक्यातल्या आमोण्यात, मांडवीच्या काठी, हा प्रश्न जसाच्या तसा लागू पडत नाही. इथे जानेवारीच्या पहाटे पारा अठरा-वीसपर्यंत उतरतो आणि मे महिन्याच्या दुपारी चौतीस-पस्तीसपर्यंत चढतो. वर्षभराचा फरक जेमतेम पंधरा-सोळा अंशांचा. पण जूनपासून सप्टेंबरपर्यंत सुमारे तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो, कपाटातल्या चामड्याच्या चपलेवर बुरशी धरते, मीठ भांड्यात पाझरते आणि पहाटेची आर्द्रता नव्वद टक्क्यांच्या वर जाऊन तिथेच मुक्काम करते. उरलेले आठ महिने ऊब कधी सरत नाही. म्हणून माझे म्हणणे असे, की कोकणपट्टीत दारूची पारख करताना थंडी-उन्हाच्या चढउतारापेक्षा दोन गोष्टी आधी पाहाव्यात: ती ओल किती सोसते आणि वर्षानुवर्षांच्या उबेत किती टिकते. हे का, ते समजायला दारू जळते कशी इथपासून सुरुवात करावी लागेल.

त्याआधी कायद्याविषयी. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा आहे. त्याने शिकार बंद केली आणि ते योग्यच केले. शस्त्र कायदा १९५९ चा आहे, आणि त्याच्या पाचव्या कलमाप्रमाणे परवान्यावाचून दारूगोळा तयार करता येत नाही. डिचोली, सत्तरी, पेडणे आणि पलीकडच्या सिंधुदुर्गात ज्या बंदुका घराघरांत आहेत त्या शेतीरक्षणाच्या परवान्यावरच्या. रानडुकराने भात लोळवले, काजूच्या बागेत माकडे शिरली की हवेत बार काढायचा, एवढाच त्यांचा उपयोग. निवडणूक आली की त्या पोलीस ठाण्यात जमा होतात. त्यांतल्या काही अजून ठासणीच्या आहेत, बाकीच्या बारा बोअरच्या. घरी काडतूस कसे भरावे हे इथे सांगायचे नाही. घरात बंदूक असलेल्या माणसाला दारू नीट कळावी, एवढाच हेतू आहे.

आमोण्यावरून मांडवीच्या पाण्याबरोबर खाली गेले की दिवाडीचे बेट लागते, मग जुने गोवे, आणि त्याला लागून रायबंदरच्या वाटेवर पाणेली. सतराव्या शतकाच्या पूर्वार्धात पोर्तुगिजांनी इथे दारूचा कारखाना चालवला. त्याचे नाव कासा दा पॉल्वोरा, म्हणजे दारूघर. पुढे जुन्या गोव्यात रोगराई इतकी माजली की शतकाच्या अखेरीस व्हाइसरॉय स्वतः पाणेलीच्या वाड्यात राहायला आले आणि १७५९ साली पणजीला जाईपर्यंत तिथेच राहिले. सोरा, गंधक आणि कोळसा या तीन जिनसांची काळी दारू नदीकाठी, खाऱ्या वाऱ्यात बनवायची आणि साठवायची, हे सोपे काम नव्हते.

काळ्या दारूत वजनाने तीन-चतुर्थांश सोरा असतो. शुद्ध सोऱ्याला ओलीची फारशी भीती नाही. हवेतली सापेक्ष आर्द्रता ब्याण्णव-त्र्याण्णव टक्क्यांच्या वर गेल्याशिवाय तो पाणी ओढून विरघळू लागत नाही. साधे मीठ मात्र पंच्याहत्तर टक्क्यांनाच पाझरते. मातीतून काढलेल्या कच्च्या सोऱ्यात हे मीठ मिसळलेले असते, आणि कॅल्शियमचा नायट्रेट त्याहूनही हावरट. म्हणून सोरा पुन्हा पुन्हा उकळून शुद्ध करणे हा जुन्या दारूकामाचा अर्धा जीव होता. आता पुन्हा आमोण्याच्या पहाटेचा आकडा पाहा. नव्वदीच्या वरची आर्द्रता म्हणजे शुद्ध सोऱ्याच्याही सहनशक्तीची कड. कोळसा तर कोणत्याही हवेत ओल शोषतोच.

ओल शिरल्यावर दारू नुसती भिजत नाही, तिची घडणच मोडते. सोरा विरघळून दाण्याच्या बाहेरच्या अंगाला सरकतो आणि कोरडा झाला की तिथे वेगळे स्फटिक धरतो. एकजीव झालेल्या तीन जिनसा अशा विलग झाल्या की नंतर कितीही वाळवले तरी पहिली ताकद येत नाही. ती दारू पुन्हा कुटून, मळून नव्याने दाणेदार करावी लागते. दाणेदार दारू पिठाळ दारूपेक्षा ओलीला जास्त तोंड देते, हेही लोकांना फार पूर्वी उमगले होते, आणि पुढे दाण्यांना ग्राफाइटची झिलई देऊ लागले त्यामागेही हेच कारण होते.

आपल्याकडे या विषयावरचा सगळ्यात सुंदर मजकूर रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात आहे, साधारण १७१५ सालचा. गडावरचा दारूखाना कसा असावा हे ते सांगतात. तो राहत्या घराजवळ नसावा, वाऱ्याच्या वाटेत नसावा, सदरेपासून बेताच्या अंतरावर असावा, भोवती निर्गुडीसारख्या झाडांचे दाट कुंपण असावे. खाली पक्के तळघर करावे, आत माच घालावा आणि दारूची मडकी जमिनीवर न ठेवता त्या माचावर ठेवावीत. ओल लागू देऊ नये. दर आठ-पंधरा दिवसांनी हवालदाराने येऊन दारू, बाण बाहेर काढावेत, त्यांना ऊन द्यावे आणि पुन्हा शिक्का करून ठेवावे. यातली प्रत्येक गोष्ट रसायनशास्त्राच्या कसोटीला उतरते. मडके जमिनीपासून वर असले की फरशीची ओल चढत नाही. पंधरा दिवसांत एकदा ऊन मिळाले की सोरा स्थलांतर करण्याइतका भिजतच नाही. मराठीत लिहिलेली साठवणुकीची इतकी काटेकोर सूचना त्या काळात दुसरी माझ्या पाहण्यात नाही, आणि शाळेच्या पुस्तकात ती गडांच्या वर्णनाबरोबर यायला हवी असे मला मनापासून वाटते.

पावसाळ्यात मोहिमा थांबत आणि दसऱ्याला सीमोल्लंघन होई, त्यामागे नद्यांचे पूर आणि घोड्यांचा चारा ही कारणे होतीच, पण भिजलेली दारू आणि विझणारा तोडा, म्हणजे बंदूक पेटवायची जळती वात, हेही एक होते. पेडणे महालातलेच उदाहरण घ्या. १७४६ साली पोर्तुगिजांनी सावंतवाडीकर भोसल्यांकडून हळर्णचा किल्ला घेतला तो मे महिन्यात, पाऊस तोंडावर आलेला असताना, आणि तेरेखोल घेतला तो नोव्हेंबरात, पाऊस सरल्यावर. मधला पावसाळाभर तोफा गप्प होत्या.

काळ्या दारूचा एक मोठा गुण मात्र विसरू नये. ती कोरडी राहिली तर शतकभर टिकते, आणि थंडी-उन्हाने तिच्या जळण्यात फार फरक पडत नाही. तिला ऊन मानवते. पुढे तिची जागा घेणाऱ्या दारूचा स्वभाव नेमका याउलट निघाला, आणि आजचे सगळे घोळ तिथून सुरू होतात.

१८८४ साली फ्रान्समध्ये पॉल व्हिएय याने नायट्रोसेल्युलोजपासून, म्हणजे नत्राम्लाची प्रक्रिया केलेल्या कापसापासून, बिनधुराची दारू बनवली. १८८७ साली आल्फ्रेड नोबेलने त्यात नायट्रोग्लिसरीन मिसळून बॅलिस्टाइट काढले. १८८९ साली इंग्लंडात एबल आणि ड्यूअर यांनी कॉर्डाइट तयार केले. नुसत्या नायट्रोसेल्युलोजची दारू ती एकघटकी, नायट्रोग्लिसरीन घातलेली ती द्विघटकी. आजही रायफलीच्या सगळ्या दारू या दोन कुळांतल्या आहेत.

ही दारू जळते ती दाण्याच्या पृष्ठभागावरून आत. जितका दाब जास्त तितकी ती वेगाने जळते, आणि जितकी वेगाने जळते तितका दाब आणखी वाढतो. या चक्राची सुरुवात कुठल्या तापमानाला होते, यावर पुढचे सगळे अवलंबून असते. दाणा आधीच चाळीस अंशांना तापलेला असेल तर त्याचा पृष्ठभाग पेटण्याच्या तापमानापर्यंत न्यायला कमी उष्णता लागते. म्हणून पहिला थर लवकर पेटतो, दाब लवकर चढतो आणि त्या चढलेल्या दाबात पुढचा थर आणखी झपाट्याने जळतो. सुरुवातीचा लहानसा फरक शेवटी मोठा होतो, तो या गुणाकारामुळे. नायट्रोग्लिसरीन मिसळलेली दारू साधारणपणे याला जास्त बळी पडते. उलट कडाक्याच्या थंडीत काही द्विघटकी दारूंचे दाणे ठिसूळ होतात, काडतुसाच्या बुडातल्या प्रायमरच्या, म्हणजे दारू पेटवणाऱ्या टिकलीच्या, धक्क्याने तडकतात, जळायला पृष्ठभाग एकदम वाढतो आणि दाब घटण्याऐवजी उसळतो. थंडीत दारू नेहमी मंदच होते, हा समज त्यामुळे पूर्ण खरा नाही.

भारतातल्या उन्हाने हा धडा इंग्रजांना शंभर वर्षांपूर्वीच शिकवला. पहिल्या कॉर्डाइटमध्ये नायट्रोग्लिसरीन अठ्ठावन्न टक्के होते. नळी त्याने इतकी झिजत असे की १९०१ साली ते तीस टक्क्यांवर आणावे लागले. विलायतेच्या गारठ्यात जोखून भरलेली काडतुसे मध्य प्रांताच्या जंगलात मे महिन्यात उडवली की दाब वाढून काडतुसाची पितळी पुंगळी नळीच्या घरात घट्ट बसे. समोर जखमी वाघ आणि हातात न उघडणारी रायफल, अशी वेळ टाळण्यासाठी विलायतेतल्या कारखान्यांनी उष्ण देशांसाठी वेगळी काडतुसे काढली. त्यांत कॉर्डाइट काही ग्रेन कमी भरलेले असे. रिग्बी कंपनीचे .४१६ चे काडतूस १९११-१२ च्या सुमाराचे. त्याची पुंगळी मुद्दाम मोठी ठेवली आहे. त्यामुळे नेमून दिलेला दाब सुमारे ३,२५० बारच राहतो, तर .३०-०६ या प्रसिद्ध अमेरिकी काडतुसाचा ४,०५० च्या घरात जातो. उन्हाने दाब थोडा चढला तरी पुंगळी अडकायची नाही, एवढी जागा आधीच राखलेली होती. उष्ण प्रदेशासाठी इतका शहाणा उपाय नंतरच्या काळात फार थोड्यांनी केला. नव्या रासायनिक दारूवर विसंबण्यापेक्षा मुळात दाबच कमी ठेवावा, हा विचार मला आजही सगळ्यात भरवशाचा वाटतो.

इथे एक हिशेब मांडतो, कारण या विषयातला सर्वांत पसरलेला गैरसमज त्याने दूर होतो. जुन्या वळणाच्या दारूत तापमान एक अंश सेल्सिअसने वाढले की गोळीचा वेग साधारण अर्धा मीटर प्रतिसेकंद वाढतो, असे धरून चालतात. आमोण्यातल्या पंधरा अंशांच्या फरकाला तो सात-आठ मीटर झाला. चंद्रपूरला डिसेंबरच्या पहाटे आठ-दहा अंश आणि मे महिन्यात सेहेचाळीस, म्हणजे तिथे अठरा-एकोणीस मीटर. ८५० मीटर प्रतिसेकंद वेगाच्या गोळीला तीनशे मीटर अंतरावर एवढ्याने पडणारा फरक दोन-तीन सेंटिमीटरचा. माणसाचा श्वास आणि वाऱ्याची झुळूक यांनी त्याच्या कितीतरी पट फरक पडतो. म्हणजे रोजच्या अंतरावर तापमानाने नेम चुकतो, ही भीती फुकट आहे. खरा धोका दाबाचा. वेग दोन टक्क्यांनी वाढतो तेव्हा दाब त्याहून बराच जास्त वाढलेला असतो, आणि काडतूस आधीच शेवटच्या मर्यादेपर्यंत भरलेले असेल तर ती वाढ पुंगळीच्या बुडावर, बोल्टवर आणि शेवटी बंदूक धरणाऱ्याच्या तोंडावर येते. म्हणून परदेशात परवान्याने काडतुसे भरणाऱ्या जाणत्यांचा नियम असा: जास्तीत जास्त दारूची चाचणी वर्षातल्या सर्वांत उष्ण दिवशी घ्यायची. हिवाळ्यात सुरक्षित ठरलेले वजन उन्हाळ्यात सुरक्षित असेलच असे नाही.

आणि तापमान म्हणजे हवेचे नव्हे, काडतुसाचे. मे महिन्यात बंद गाडीच्या काचेमागे ठेवलेली पेटी साठ अंशांच्या पुढे जाते. लागोपाठ बार काढून तापलेल्या नळीत काडतूस पाच मिनिटे भरून ठेवले तर तेही तापते. कोकणातली हवा सहसा चौतीस-पस्तीसच्या वर जात नाही म्हणून निर्धास्त राहणाऱ्याने हे लक्षात ठेवावे.

आता निवडीकडे. काडतुसे भरण्याची जिथे मुभा आहे, तिथे माणूस पहिल्यांदा जळण्याचा वेग पाहतो. लहान पुंगळी, हलकी गोळी असेल तर वेगाने जळणारी दारू. मोठी पुंगळी, जड गोळी असेल तर सावकाश जळणारी. हे चुकले तर पुढच्या कुठल्याच गुणाला अर्थ नाही. दुसरी गोष्ट, दारूने पुंगळी चांगली भरली पाहिजे. अर्ध्या रिकाम्या पुंगळीत दाणे कधी प्रायमरजवळ, कधी गोळीजवळ सरकतात आणि बार एकसारखा होत नाही. तापमानाचा विचार तिसरा. त्यासाठी ऑस्ट्रेलियात मुलवाला इथल्या कारखान्यात बनणाऱ्या आणि अमेरिकेत हॉजडन कंपनी एक्स्ट्रीम नावाने विकते त्या दारूंचे नाव सर्वतोमुखी आहे. व्हार्गेट आणि एच४३५० या त्यांतल्या प्रसिद्ध. बारीक कापलेल्या नळकांड्यांसारखे दाणे असतात आणि त्यांवर जळण्याची गती आवरणारा लेप असतो. उष्णतेने दाण्याचे जळणे वाढू पाहते तेव्हा या लेपाची आणि घडणीची योजना ती वाढ दाबून धरते. फिनलंडमधल्या व्हिह्तावुओरी कारखान्याची ख्याती थंडीतल्या भरवशासाठी. गोल दाण्यांची दारू १९३३ साली अमेरिकेत निघाली. ती बनवायला सोपी, मापाला अचूक, टिकायलाही चांगली, पण तिच्या जुन्या प्रकारांना तापमान जास्त जाणवते आणि नळीत मळ जास्त धरतो.

दारू बदलण्याची किंमत केवढी असू शकते, हे व्हिएतनाममध्ये दिसले. एम-१६ ही रायफल एका नळकांडी दाण्याच्या दारूवर बेतलेली होती. १९६४ साली अमेरिकी सैन्याने तिच्यासाठी गोल दाण्याची दारू घेतली. नव्या दारूने यंत्रणेची गती वाढली, तिच्यातल्या कॅल्शियम कार्बोनेटमुळे मळ साचू लागला, काडतुसाच्या घराला क्रोमचा मुलामा नव्हता, आणि तिथली हवा आपल्या कोकणासारखी ओली. गंजलेल्या घरात पुंगळ्या अडकल्या आणि सैनिक लढाईच्या मध्यात निःशस्त्र झाले. १९६७ साली अमेरिकी संसदेच्या इकॉर्ड समितीने याची चौकशी केली. दारू, धातू आणि हवा हे तिन्ही एकत्र पाहावे लागतात. दारूच्या डब्यावरचे वर्णन वाचून तिघांचा निकाल लागत नाही.

नेमबाजीच्या खेळात पन्नास मीटर रायफलचे आपले ऑलिम्पिकवीर .२२ बोअरची काडतुसे वापरतात. ती पुन्हा भरता येत नाहीत, म्हणून तिथे निवड होते ती कारखान्यातून आलेल्या एकेका खेपेची. एकाच रायफलीतून वेगवेगळ्या खेपांची काडतुसे उडवून, गोळ्या किती जवळजवळ पडतात ते पाहून त्यांतली एक उचलतात. २०१० साली म्युनिकला जगज्जेतेपद मिळवणाऱ्या तेजस्विनी सावंत असोत की २०२४ साली पॅरिसच्या स्पर्धेत कांस्यपदक मिळवणारा स्वप्नील कुसाळे, दोघेही कोल्हापूरचे आणि दोघांचाही प्रकार पन्नास मीटर रायफल. या पातळीवर काडतुसाची पारख हा सरावाचाच भाग असतो. बर्फावरच्या बायथलॉनसाठी तर लापुआ कंपनी थंडीतली वेगळी काडतुसे बनवते.

आता मूळ मुद्दा, टिकाऊपणाचा. नायट्रोसेल्युलोज हा पदार्थ जन्मापासून विघटन पावत असतो. त्यातून नायट्रोजनचे ऑक्साइड वायू सुटतात, ओलीशी मिळून आम्ल होतात आणि ते आम्ल उरलेल्या दारूचे विघटन आणखी वेगाने करते. यावर उपाय म्हणून दारूत डायफिनिलअमाईन किंवा सेंट्रालाइट हे स्थिरकारक घालतात. सुटलेला वायू ते स्वतःवर ओढून घेतात. पण ते खर्च होत जातात, आणि दर दहा अंशांनी तापमान वाढले की हा खर्च दुपटीहून अधिक वेगाने होतो. फिनलंडच्या तळघरात जी दारू पन्नास वर्षे निश्चिंत राहील, ती आमोण्यात कौलाखालच्या माडीवर तितकी राहणार नाही. इथे एकदाच प्रचंड ऊन पडत नाही, पण ऊब बाराही महिने दाण्यांना कुरतडत राहते.

स्थिरकारक नीट नसले तर काय होते, हे फ्रेंच आरमाराने पाहिले. तुलाँ बंदरात १२ मार्च १९०७ रोजी ‘इएना’ आणि २५ सप्टेंबर १९११ रोजी ‘लिबेर्ते’ या युद्धनौकांचे त्यांच्याच कोठारांत स्फोट झाले. शत्रू नव्हता, लढाई नव्हती. जुनी दारू आपोआप सडून तापली, असाच निष्कर्ष निघाला. तेव्हापासून दारू स्थिर आहे की नाही याची ठराविक मुदतीने तपासणी हा जगभरच्या कोठारांचा नियम झाला. एबलने सुचवलेली, तापवलेल्या दारूच्या वाफेने कागदाचा रंग किती वेळात बदलतो ते पाहण्याची चाचणी आजही होते.

ओलीचा परिणाम याहून निराळा आणि अधिक फसवा. बिनधुराच्या दारूत थोडी ओल मुळातच असते. तिचे प्रमाण वाढले की जळणे मंदावते, वेग घटतो. कमी झाले की जळणे तेज होते, दाब वाढतो. म्हणजे उघड्या डब्यातली एकच दारू जुलैत आळशी आणि फेब्रुवारीत तापट. पंधरा अंशांच्या तापमानफरकाने जे होत नाही ते झाकण सैल राहिल्याने होऊ शकते. आमोण्यात दारू कुठल्या कंपनीची यापेक्षा तिचे झाकण कसे आहे हे महत्त्वाचे, ते यासाठी. जुन्या बारा बोअरच्या कागदी पुंगळ्या तर पावसाळ्यात फुगत आणि नळीत शिरतच नसत. शिकारी त्यांना मेण लावत, श्रीमंत लोक पितळी पुंगळ्या वापरत.

या सगळ्याची मोठ्या प्रमाणावरची विद्या आपल्याच भागात आहे, हे फार थोड्यांना ठाऊक असते. खडकीचा दारूगोळा कारखाना १८६९ चा. परवानाधारक शेतकऱ्याच्या हातातले शक्तिमान हे बारा बोअरचे काडतूस तिथले. भंडाऱ्याला १९६० च्या दशकात दारूचा कारखाना उभा राहिला, त्याच सुमारास भुसावळजवळ वरणगावला लहान शस्त्रांच्या काडतुसांचा. पुण्यात सुतारवाडीला उच्च ऊर्जा पदार्थ संशोधन प्रयोगशाळा आहे. तिची परंपरा १९०८ साली नैनितालला सुरू झालेल्या छोट्या रसायन तपासणी कार्यालयापर्यंत जाते. सियाचीनच्या उणे पन्नास अंशांपासून राजस्थानच्या पन्नास अंशांपर्यंत एकच तोफ चालली पाहिजे, हा इथल्या शास्त्रज्ञांपुढचा प्रश्न कॅनडातल्या शिकाऱ्याच्या प्रश्नाहून दुप्पट अवघड आहे. तोफखान्यात दारूचे तापमान मोजतात, ठरलेल्या मानक तापमानापासून ते किती दूर आहे हे पाहतात आणि तक्त्यावरून पल्ल्यात दुरुस्ती करतात. नाशिकजवळ देवळालीला तोफखान्याची शाळा आहे. तिथे शिकलेल्याला दारूचा थर्मामीटर होकायंत्राइतकाच परिचयाचा असतो. वीस-तीस किलोमीटरच्या पल्ल्यात एक-दोन टक्के वेग म्हणजे शेकडो मीटर. तिथे तापमानाने नेम खरोखर चुकतो.

आता आमोणे, नावेली, साखळी किंवा पेडण्याच्या एखाद्या वाड्यावर ज्यांच्या घरी शेतीरक्षणाची बंदूक आहे त्यांच्यासाठी. अमात्यांची माचाची सूचना आजही पाळा: काडतुसे भिंतीला आणि फरशीला टेकवू नका, घट्ट झाकणाच्या डब्यात, शेगडीपासून आणि पत्र्याच्या छपरापासून दूर, घरातल्या सर्वांत गार खोलीत कुलपात ठेवा. ऊन देण्याची त्यांची सूचना मात्र काळ्या दारूपुरती होती. बिनधुराच्या काडतुसांना ती कधीही लावू नका. ओल लागली म्हणून आजचे काडतूस उन्हात टाकणे म्हणजे त्याचा स्थिरकारक जाळणे आणि दाब वाढवणे. गाडीत काडतुसे ठेवून बाजारात जाऊ नका. नवी घ्याल तेव्हा एका वर्षाला पुरतील तेवढीच घ्या आणि पुठ्ठ्यावर खरेदीचे साल लिहा, म्हणजे जुनी आधी संपतील. आजोबांच्या पेटीत पुंगळीवर हिरवट जंग चढलेली, बुडाशी तांबूस भुकटी दिसणारी किंवा आंबट, झोंबणारा वास येणारी काडतुसे सापडली तर ती उडवून पाहू नका, फोडू नका, विहिरीत टाकू नका. हात न लावता आधी पोलीस ठाण्याला कळवा, आणि ते सांगतील तशी ती परवान्यासह त्यांच्या ताब्यात द्या.